छप्पर ज्याचे, सवलत त्याची

सूर्य कोणाच्या मालकीचा नाही. त्याचे ऊन ज्यावर पडते ते छप्पर मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. अमेरिकेतील राज्यांनी घरगुती सौर ऊर्जेसाठी दिलेल्या करसवलतींचे गोडवे गाताना ही साधी बाब हटकून नजरेआड केली जाते.

तेथील केंद्र सरकार सौर यंत्रणेच्या खर्चापैकी ३० टक्के रक्कम घरमालकाच्या आयकरातून कमी करीत असे. २०२२ च्या कायद्यानुसार ही सवलत दीर्घकाळ चालावयाची होती. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा होऊन त्या वर्षाच्या अखेरीस तिला मूठमाती मिळाली. हा लहरीपणा तेथे नवा नव्हे. कार्टर यांच्या काळात १९७८ मध्ये आलेली सौर सवलत रेगन यांच्या राजवटीत १९८५ अखेर लोपली, आणि व्हाइट हाउसच्या छपरावरील पाणी तापविणारे सौर संचही १९८६ मध्ये उतरविले गेले. केंद्राने हात आखडता घेतल्यावर आता भिस्त आहे ती काही राज्यांच्या सवलतींवर.

परंतु या सवलतीचे स्वरूप काय? न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात खर्चाच्या २५ टक्के, कमाल ५,००० डॉलर, देय करातून वजा करण्याची तरतूद आहे. समजा, यंत्रणेस २०,००० डॉलर लागले. ज्याचा राज्याचा वार्षिक कर ५,००० डॉलरच्या वर आहे, त्यास संपूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी मिळते. ज्याचा कर अवघा ४०० डॉलर, त्यास उरलेली रक्कम पुढील पाच वर्षे ओढता येते. म्हणजे सहा वर्षांत २,४०० डॉलर. बाकीचे बुडीत! आणि ज्यास करच लागू होत नाही, त्याची पाटी कोरीच. तेच यंत्र, तेच ऊन. पण सरकारी मदत मात्र मिळकतीच्या चढत्या भाजणीने. सुमारे एक तृतीयांश अमेरिकन कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात, त्यांची तर या हिशेबात गणनाच नाही. तिजोरीतील ही तूट भरून काढताना मात्र भाडेकरूस कोणी वगळीत नाही.

यावर ठरावीक उत्तर असे की, श्रीमंतांनी आधी विकत घेतले म्हणजे वस्तू स्वस्त होते व मग ती गरिबांपर्यंत झिरपते. सौर पॅनेलच्या किमती कोसळल्या हे खरेच. त्यात जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याचा आणि चीनमधील प्रचंड उत्पादनाचा वाटा फार मोठा होता. पण पॅनेल कितीही स्वस्त झाले, तरी भाडेकरूला छप्पर कोठून मिळणार? ते काही झिरपत नाही.

दुसरी वाट नाही असेही नव्हे. हवाई राज्यात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास, कर देणे नसले तरी, सवलतीची पूर्ण रक्कम रोख परत मिळण्याची सोय कायद्यातच करण्यात आली. २०१० पासून तेथे काही अपवाद सोडता सौर बंबाशिवाय नव्या स्वतंत्र घरास बांधकाम परवानाच मिळत नाही. त्याच न्यूयॉर्कच्या कायद्याने सहकारी गृहसंस्थेच्या सभासदास सामाईक यंत्रणेतील आपल्या हिश्श्यापुरती सवलत दिली आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरात सहकाराला मिळालेली ही मान्यता आपल्याकडील सहकारमहर्षींनी अवश्य पाहावी.

भारतात २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेने करसवलतीऐवजी थेट अनुदानाचा, तीन किलोवॅट व त्यावरील यंत्रणेस ७८,००० रुपयांचा, मार्ग धरला. आयकर न भरणारा त्यातून आपोआप बाद होत नाही, एवढ्यापुरते ते धोरण अधिक न्याय्य म्हटले पाहिजे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठीही त्यात तरतूद आहे. प्रश्न उरतो तो मुंबईतील चाळीतल्या पागडीच्या बिऱ्हाडाचा. तेथे विजेचे बिल भरतो भाडेकरू आणि गच्चीची किल्ली असते मालकाच्या कनवटीला. त्या गच्चीवर भाडेकरूंच्या संस्थेस यंत्रणा उभारण्याचा हक्क मिळावा, ही मागणी भाडेकरू संघटनांनी अद्याप जोराने पुढे रेटावयाची आहे.