‘तुम्ही लोक तर गझल ऐकत असाल!’

ऑफिसात दुपारी डबा खाताना गाण्यांचा विषय निघाला. कोण काय ऐकतं, असं चाललं होतं. माझी पाळी यायच्या आधीच एक सहकारी म्हणाले, “तुमचं काय विचारायचं? तुम्ही लोक तर गझल, कव्वालीच ऐकत असाल!” बोलण्यात वाईट हेतू नव्हता, उलट कौतुकच होतं. मी म्हटलं, “ऐकतो की. पण सध्या तुर्कस्तानातला १९७० च्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतोय.” टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मग कुणीतरी लोणचं पुढे सरकवलं आणि विषय बदलला.

तीच अर्धवट राहिलेली गोष्ट आज इथे पूर्ण करतो.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. त्यांनी गाणी लांबवली. रेकॉर्डची अख्खी एक बाजू व्यापेल एवढी मोठी रचना करायला सुरुवात केली. शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत असं काय काय त्यात आणलं. ताल सरळ चारचा न ठेवता सातचा, नऊचा धरला. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही त्यातली मोठी नावं. पुण्यात हॉस्टेलला असताना शेजारच्या खोलीतल्या मित्राकडून कॉपी केलेल्या कॅसेट मी ऐकल्या, त्या याच बँडच्या. बरीच वर्षं मला वाटायचं की हे संगीत इंग्लंडमध्ये जन्मलं, तिथेच वाढलं आणि तिथेच संपलं.

तसं नव्हतं. इटलीत त्याची फार मोठी लाट आली होती. तिथल्या ‘आरेआ’ या बँडपाशी मी पहिल्यांदा थबकलो. त्यांचा गायक देमेत्रियो स्त्रातोस ग्रीक आईबापांच्या पोटी, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात १९४५ साली जन्मला. बँडचा पहिला अल्बम १९७३ चा. तो लावला आणि पहिलाच आवाज आला तो अरबी बोलणाऱ्या एका बाईचा! त्यानंतर बाल्कन लोकधुनेच्या सात मात्रांवर बँड जो सुटतो, तो दम घेत नाही. इटलीच्या रॉक अल्बमची सुरुवात अरबीने होऊ शकते, हे कळल्यावर नकाशावरच्या रेषा मला जरा पुसट दिसायला लागल्या. त्याच वाटेने पुढे तुर्कस्तान गाठलं.

तिथली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६५ मध्ये ‘हुर्रियत’ या वर्तमानपत्राने ‘सोनेरी मायक्रोफोन’ नावाची स्पर्धा सुरू केली. वाद्यं पाश्चात्त्य चालतील, गाणं मात्र तुर्की हवं, असा तिचा रोख होता. तोवर तिथली पोरं एल्विसच्या नकला करत होती. आता त्यांना आपल्या आजोळचं गाणं शोधावं लागलं. १९६७ मध्ये या स्पर्धेत दुसरा आलेला जेम काराजा हा इस्तंबूलचा तरुण एम्राह या जुन्या लोककवीची रचना गायला होता. त्याच वर्षी ‘मोगोल्लार’ हा बँड उभा राहिला. ही मंडळी अनातोलियातल्या गावोगावच्या धुनांवर काम करू लागली आणि आपल्या संगीताला त्यांनी ‘अनातोलियन पॉप’ म्हटलं. १९७१ मध्ये त्यांच्या रेकॉर्डला फ्रान्समध्ये मानाचा पुरस्कार मिळाला.

एरकिन कोरायने गावाकडच्या तंतुवाद्याला वीज जोडली. १९७४ च्या त्याच्या अल्बमचं नावच मुळी ‘इलेक्ट्रॉनिक लोकगीतं’ असं आहे. त्या वाद्याला तिथे ‘साज’ म्हणतात. आपलाच शब्द! तो वाजवत गावोगाव फिरणाऱ्या लोककवीला म्हणतात ‘आशिक’. हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो. बारिश मांचोचा १९७५ चा अल्बम आहे ‘२०२३’. तुर्की प्रजासत्ताक १९२३ मध्ये स्थापन झालं, त्याची शंभरी डोळ्यांसमोर ठेवून दिलेलं हे नाव. मांचो १९९९ मध्येच गेला, ते साल त्याला दिसलं नाही.

ही सगळी हौसेची कलाकारी होती असं मात्र समजू नका. जेम काराजा डाव्या विचारांचा होता, मजुरांची गाणी गायचा. १९७९ मध्ये तो जर्मनीला गेला. १९८० मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे १९८३ मध्ये त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९८७ मध्ये तो परतू शकला. सेल्दा बाजान ही गायिका याच काळात तुरुंगात गेली. लोककवींच्या गाण्यांना गिटार जोडल्याची एवढी किंमत! जुन्या गाण्यात आजचा प्रश्न विचारता येतो, हे सत्तेला फार लवकर कळतं.

मग हे बँड जगाला माहीत का झाले नाहीत? ते कमी दर्जाचे होते म्हणून? मला तसं वाटत नाही. ते त्यांच्या भाषेत गायले, हे पहिलं कारण. रेकॉर्ड विकणारी बाजारपेठ लंडन-न्यूयॉर्कची होती, हे दुसरं. आणि घरच्याच सरकारने तोंड दाबलं, हे तिसरं. ‘कमी माहीत’ आणि ‘कमी प्रतीचं’ यांत आपण गल्लत करतो. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला तरी ही गल्लत समजावून सांगायची गरज नसावी. उर्दूवाले विचारतात मराठीत का, आणि मराठीवाले विचारतात इतकं चांगलं मराठी कसं!

अर्थात, सापडलेलं सगळंच सोनं असतं असंही नाही. या प्रकारात उगाच लांबवलेलं, ऑर्गन घेऊन भटकणारं संगीतही पुष्कळ आहे. दुर्मीळ आहे म्हणून डोक्यावर घ्यायचं, हा संग्राहकांचा रोग मलाही काही काळ जडला होता. ‘तुम्हाला हे माहीत नसेल’ असं म्हणण्यात जी मिजास असते, ती मोठ्या बँडच्या चाहत्यांच्या मिजाशीपेक्षा काही वेगळी नाही.

ऐकायचं कसं, तेही सांगतो. एकदा ऐकून निकाल देऊ नका. पहिल्यांदा गोंधळ वाटतो. दुसऱ्यांदा बोटांवर मात्रा मोजा. रूपकच्या सात मात्रा आपल्या कानाला परक्या नाहीत. तुर्की लोकसंगीतात दोन-दोन-दोन-तीन असा नऊचा ताल येतो. त्यातला शेवटचा ‘तीन’ सापडला की पाय आपोआप हलतो. तिसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटा. जेम काराजाची १९७८ ची ‘साफिनाझ’ ही गरीब घरातल्या एका मुलीची लांबलचक कहाणी आहे. मला तुर्की येत नाही, तरी त्याचा आवाज कुठे चिडतो आणि कुठे रडवेला होतो, ते कळतं.

आता आमच्या घरातली बाजू. माझ्या एक खाला आहेत, पाच वेळच्या नमाजी. त्यांना संगीत मुळातच पसंत नाही. त्यांच्या घरी मी हेडफोनसुद्धा बाहेर काढत नाही. ज्यांना संगीत वर्ज्य वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. माझं भांडण आहे ते माझे कान कुणीतरी आधीच वाटून टाकले आहेत, याच्याशी. एक म्हणतो, मुसलमान असून हे कसलं ऐकतोस? दुसरा म्हणतो, मुसलमान आहेस म्हणजे अमुकच ऐकत असशील. दोघांनाही मी काय ऐकतो हे जाणून घ्यायचं नसतं. त्यांना आधीच माहीत असतं!

इस्तंबूलच्या त्या पोरांनाही असंच दोन बाजूंनी ओढलं जात होतं. एकीकडे पाश्चात्त्य व्हा, दुसरीकडे परंपरा बाटवू नका. त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि तिसरंच काही वाजवलं. जेम काराजाची आई आर्मेनियन, बाप अझरबैजानी वंशाचा. याला ‘मुस्लिम रॉक’ म्हणायचा मोह होईल, तो टाळावा. ते अनातोलियाचं संगीत आहे, तिथल्या सगळ्यांचं.

आणि म्हणूनच मला आपली आठवण येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ओव्या आपल्याकडे आहेत. बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांचा डफ आहे. हा वारसा जयंतीला हार घालून पुन्हा कपाटात ठेवण्यासाठी नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराने गिटार उचलून शेख महंमदांची ओवी सातच्या तालात बसवावी, असं मला फार वाटतं. पहिला प्रयत्न फसेल. लोक दोन्ही बाजूंनी बोलतील. बोलू द्यावं.

परवा त्याच सहकाऱ्यांना मी मोगोल्लारचं एक गाणं पाठवलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता ते म्हणाले, “अहो, ते काल दोनदा ऐकलं. सुरुवातीला काही कळलं नाही. आणखी आहे का?”

आहे म्हटलं, भरपूर आहे.