उलाळ न होणारा ट्रक



या सदरात आपण नांगर, पंप, फवारे आणि मळणीयंत्रे यांच्याविषयी बोलत असतो. आज खेळण्याविषयी बोलणार आहे. लगेच पान उलटू नका. खेळणे असले तरी त्यात यंत्र आहे, आणि यंत्राइतकाच खर्चही आहे.

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बारावीला आहे. दोन सुट्ट्या बाजारात भाजीच्या पाट्या वाहून त्याने पैसे साठवले, आणि आता त्या पैशांतून त्याला दगडधोंड्यांवर चढणारा रिमोटचा ट्रक घ्यायचा आहे. घरच्यांना वाटते, पोराची कमाई पाण्यात जाणार. भगिनी विचारतात, “घ्यावा का, आणि घ्यायचाच झाला तर काय पाहून घ्यावा?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांचे घरच देईल. पैसे मुलाच्या घामाचे आहेत, एवढेच मी म्हणेन. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला देता येईल, कारण हे प्रकरण आमच्या घरात गेली दोन वर्षे चालू आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात लागला. पहिल्या दिवाळीला घरी आला तो असला एक जुना ट्रक काखेत मारूनच. किंमत ऐकून त्याच्या आईने चहाचे आधण उतरवले आणि ती परसात निघून गेली. दोन चांगल्या शेळ्या आल्या असत्या!

या ट्रकला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात, म्हणजे खडकावर रांगणारा. अमेरिकेत युटा राज्यात मोआब म्हणून गाव आहे, कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाची वाट आहे. तिथे लोक हौसेने जीपगाड्या खडकांवरून नेतात. त्याच गाड्यांची एकास दहा मापाची ही प्रतिकृती. लांबी हातभर, वजन तीन किलोच्या आसपास. अ‍ॅक्सियल कंपनीचा ‘एससीएक्स १०’ आणि ट्रॅक्सस कंपनीचा २०१७ साली आलेला ‘टीआरएक्स ४’ ही त्यातली नावाजलेली घराणी. हा ट्रक पळत नाही. माणूस चालेल तेवढ्याच गतीने जातो, आणि अवघड जागी तर गोगलगायीसारखा. सगळी मौज चढण्यात आहे.

आमच्या मळ्याखाली ओढा आहे, त्यात काळ्या पाषाणाचे धोंडे. तिथे पहिल्याच दिवशी फजिती झाली. गुडघाभर उंचीच्या धोंड्यावर ट्रक निम्मा चढे, पुढची चाके हवेत उठत आणि ट्रक पाठीवर पडे. पुतण्याला वाटले, मोटर कमी पडते. पुढच्या खेपेला तो जोरकस मोटर घेऊन आला. आपल्या पंपाची मोटर भरणाऱ्याला वेढ्यांचे गणित माहीत असते. या ट्रकच्या साध्या ब्रशवाल्या मोटरीतही वेढे जितके कमी तितकी ती वेगाने फिरते, आणि वेढे जास्त तितकी सावकाश व सांभाळून चालते. मूळची ३५ वेढ्यांची काढून याने २० वेढ्यांची बसवली. ट्रक आता पूर्वीपेक्षा लवकर पाठीवर पडू लागला!

माझा भाऊ बांधावर बसून तंबाखू मळत हे पाहत होता. तो म्हणाला, “अरे, मोटरीला काय दोष देतोस? गाडी उलाळ झालीय तुझी.”

उलाळ हा शब्द आता तरुण पोरांच्या कानावरून जात नाही. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की मागची बाजू खाली बसते आणि जू वर उठते. बैलांच्या मानेवर भार राहत नाही, गळ्यातली जोती मात्र वर ओढली जातात. चढाला हे हमखास होते, कारण चढावर ओझ्याचा भार आणखी मागे सरकतो. म्हणून जुनी माणसे गाडी भरताना एकजण जुवापाशी उभा करून धुरी हाताने उचलून पाहत. ट्रकला जू नाही, पण पुढची चाके आहेत. त्यांच्यावर भार नसेल तर ती खडकाला धरणार कशाने?

पुतण्याने घरातला वजनकाटा काढला. पुढची चाके काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या विटेवर, मग उलट. पुढे १,२८० ग्रॅम, मागे १,६४० ग्रॅम निघाले. शंभरातले ४४ पुढे. त्याच्या ट्रकात बॅटरीचे खोकडे मागे होते, आणि शोभेसाठी मागे जादा चाक व टपावर सामानाची जाळी होती. जाळी आणि जादा चाक काढले. बॅटरीसाठी पत्र्याची पट्टी वाकवून पुढच्या आसाच्या वर जागा केली. पुढच्या चाकांजवळचे हलके भाग काढून तिथे पितळेचे बसवले. पितळ जड, आणि ते आसाच्या पातळीवर, म्हणजे खाली बसते. पुन्हा काटा: पुढे १,६६०, मागे १,१९०. शंभरातले ५८ पुढे आले. जुनी ३५ वेढ्यांची मोटर परत घातली, आणि त्याच धोंड्यावर ट्रक मुंगळ्यासारखा चढला. भावाने फक्त मिशीवरून हात फिरवला.

तेव्हा भगिनींनो, चॅसी निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की बॅटरी कुठे बसते. पुढे आणि खाली बसत असेल तर निम्मे काम झाले. मागे किंवा उंचावर असेल, तर ती पुढे सरकवायला जागा व भोके आहेत का ते पाहा.

आता खुद्द सांगाड्याविषयी. बहुतेक ट्रकांत पोलादी पट्टीचे दोन लांब दांडे असतात, त्यांची कड आत दुमडलेली असते. बैलगाडीच्या साटीचे दोन बाजूचे दांडे डोळ्यांपुढे आणा. ही चॅसी मजबूत, खऱ्या जीपसारखी दिसणारी आणि भोके पाडायला सोयीची. दुसरा प्रकार अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बन धाग्याच्या दोन चपट्या पाट्यांचा. त्यात सगळे ओझे खाली बसते आणि पोटाखालची जागा मोकळी राहते. चढाईत हा दुसरा प्रकार सरस, यात वाद नाही. पण तो उघड्या सांगाड्यासारखा दिसतो, आणि बहुधा सुटे भाग जमवून उभा करावा लागतो. पहिलाच ट्रक असेल तर मी दांड्यांचाच घ्या म्हणेन. मोडतोड होणारच, आणि ज्याचे सुटे भाग आपल्याकडे सहज मिळतात तो ट्रक दहा गुणांनी चांगला.

दोन आसांमधले अंतर ही मोठी गोष्ट आहे. ३१३ मिलिमीटर हे नेहमीचे माप, ३२४ चे लांब समजतात. लांब ट्रक चढाला जास्त निश्चल, लवकर उलटत नाही. पण वरंब्यासारख्या उंचवट्यावर त्याचे पोट टेकते आणि चारी चाके लोंबकळतात. आखूड ट्रक चिंचोळ्या जागेत वळतो, पण उलाळ लवकर होतो. मागचा आस ज्या सळ्यांनी धरलेला असतो त्या बदलून हे अंतर थोडे कमी-जास्त करता येते. आमच्या पोराने लांब सळ्या घातल्या. त्या खाली मधोमध किंचित वर वाकवलेल्या घेतल्या, म्हणजे दगड अडकत नाही. आस मागे गेला की फिरणारा दांडा त्याला पुरतो का, हे आधी पाहावे. याने पाहिले नाही, आणि तो दांडा ओढ्यात निसटून पडला. संध्याकाळभर आम्ही दोघे बॅटरी घेऊन वाळू चाळत होतो!

पोटाखाली एक पाटी असते, तिच्यावर ट्रक खडकावरून घसरतो. तिच्या स्क्रूंची डोकी बाहेर आलेली असतील तर प्रत्येक डोके दगडाला धरते. ती आत बसवून घ्यावीत आणि पाटी पॉलिशपेपरने घासावी. खर्च काही नाही, फरक मोठा.

स्प्रिंगांबद्दल थोडक्यात: फार कडक असल्या तर खोलगटात एक चाक अधांतरी राहते, फार मऊ असल्या तर आडव्या उतरणीवर वरचे धूड खालच्या अंगाला झुकते. याची परीक्षा घरी घेता येते. १०० सेंटिमीटरची फळी घ्या, तिच्यावर ट्रक आडवा उभा करा आणि एक टोक सावकाश उचला. खालच्या बाजूला उशी ठेवा. आमचा ट्रक आधी टोक ७० सेंटिमीटर उंच होताच कलंडे. टपावरचे ओझे काढून बॅटरी खाली घेतल्यावर तो ७७ पर्यंत उभा राहिला. म्हणजे ४४ अंशांवरून ५० अंशांवर.

आता दुकानदार तुम्हाला ‘पोर्टल आस’ म्हणून काही दाखवील. त्याची गोष्ट शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने शेतीसाठी एक गाडी आखली, युनिमोग. १९४६ साली तिचा पहिला नमुना चालला. नांगरावी, ओढावी आणि रस्त्यावरही पळावी अशी कल्पना. दोन चाकांमधले अंतर ठेवले १,२७० मिलिमीटर, कारण तेवढ्यात बटाट्याच्या दोन ओळी बसत. आस चाकाच्या मध्यातून न नेता वर ठेवला आणि चाकापाशी दातेरी चक्रांनी फेरा खाली उतरवला. त्यामुळे गाडीचे पोट उंच राहिले. टीआरएक्स ४ ला हाच आस बसवलेला आहे, आणि दगड त्याखालून निघून जातो. चाकापाशी असलेली ती चक्रे खालीच वजन देतात, हा जादा फायदा. किंमत अर्थात जास्त, आणि गुंतागुंतही. तुमच्या मुलाच्या पैशांत बसत नसेल तर साध्या आसावरही शिकता येते. आमचा साधाच आहे.

एक गोष्ट मात्र आईने लक्षात ठेवायची. या ट्रकांच्या लिथियम बॅटऱ्या फुगतात आणि कधी पेटतात. त्या त्यांच्याच चार्जरवर, फरशीवर किंवा दगडावर, डोळ्यांसमोर भराव्यात. गादीवर, गंजीजवळ किंवा रात्री सगळे झोपल्यावर कधीच नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

आता जे सांगतो ते खेळण्याचे नाही. गेल्या गळिताला आमचा ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन ओढ्याचा चढ चढत होता. पुढची चाके वीतभर उठली. भाऊ क्लच दाबून कसाबसा थांबला. त्याला हे नवे नव्हते. कृष्णाकाठी गळीत हंगामात असे ट्रॅक्टर रोज दिसतात आणि लोक हसून सोडून देतात. पुतण्या त्या दिवशी बांधावर होता. हाताला धरून तो बापाला म्हणाला, “बाबा, आता कोणाची गाडी उलाळ झाली?”

रात्री जेवताना कोणी बोलले नाही. पाठीवर पडलेला ट्रक हाताने सरळ करता येतो. ट्रॅक्टर मागे उलटला तर चालवणाऱ्याला उडी मारायलाही उसंत मिळत नाही, हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दोघे नाक्यावरच्या काट्यावर गेले. ट्रॉली जोडून नुसती पुढची चाके काट्यावर घेतली, मग ट्रॉली सोडून घेतली. दोन आकड्यांतला फरक भावाने पावतीच्या पाठीवर लिहून खिशात घातला. आठवड्याने ट्रॅक्टरच्या नाकाला बिडाची वजने बसली. ट्रॉली आता सगळ्यात खालच्या आकड्यालाच जोडली जाते. दुसरी ट्रॉली जोडायची सवय मात्र त्याने अजून सोडलेली नाही. खेप वाचते म्हणतो. त्यावरून बापलेकांचे अजून वाजते, आणि या वादात वहिनी लेकाच्या बाजूने आहेत.

भगिनींनी मुलाला सांगावे, ट्रक घरी आला की रिमोट हातात घेण्याआधी तो काट्यावर ठेव. पुढचे-मागचे आकडे मला पत्राने कळवावेत. पुतण्या येत्या पाडव्याला घरी येणार आहे, त्याच्याकडून उत्तर लिहवून घेतो.