निनावी लिखाणाला नावं ठेवण्याआधी

"आधार कार्ड दाखवल्याशिवाय नेटवर एक ओळही लिहू देऊ नये," असं हल्ली शनिवार पेठेतल्या निम्म्या कट्ट्यांचं मत आहे. ज्या पेठेत 'येथे वाहने लावू नयेत - हुकुमावरून' अशा पाट्या लागतात आणि हुकूम कुणाचा हे कुणी विचारत नाही, तिने निनावी लिखाणाला नावं ठेवावीत म्हणजे कमाल आहे!

थट्टा पुरे. गोपाळ हरी देशमुख पुण्याचेच. सरकारी नोकरीतले. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी आपल्याच समाजाची सालटी काढली, ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. "आधी नाव टाका, मग छापतो" अशी अट असती तर शतपत्रं लिहिली गेली असती का, तुम्हीच सांगा.

"अहो, पण बदनामी करणाऱ्यांचं काय?" रास्त प्रश्न आहे. २००७ साल आठवा. ऑर्कुटवर कुणीतरी शिवाजी महाराजांबद्दल घाणेरडा मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचललं. पुरावा काय, तर आयपी अ‍ॅड्रेस. इंटरनेट कंपनीने तो भलत्याच गिऱ्हाइकाच्या नावावर दाखवला होता. बिचारा ५० दिवस तुरुंगात!

मंडळी, आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे बोटाचा ठसा नव्हे. तो लॉजच्या खोलीचा नंबर आहे. आज मी, उद्या दुसरा. अमक्या वेळी आत कोण होतं, हे रजिस्टर नीट वाचलं तरच कळतं. कॅलिफोर्नियाच्या घड्याळातली वेळ आपली समजून वाचली, तर साडेबारा-साडेतेरा तासांचा घोळ. आता तर मोबाइलवर एकाच पत्त्यामागे एकाच वेळी अनेक गिऱ्हाइकं असतात.

कायदा काय म्हणतो? २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं. शिवाय सांगितलं, की कुणीही तक्रार केली म्हणून साइटने मजकूर काढायलाच हवा असं नाही. त्यासाठी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश हवा, आणि तोही घटनेच्या चौकटीतला. शहाणपणाची गोष्ट. तरी २०२१ च्या नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी मूळ पाठवणारा शोधून द्यावा, हे कलम आलंच.

माझं म्हणणं साधं आहे. मजकूर बेकायदा असेल तर कारण देऊन आदेश काढा, खुशाल उडवा. गुन्हेगार शोधायचा तर जरूर शोधा. पण नोंद दोनदा पडताळल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नका, आणि चूक झालीच तर ज्याची चूक त्याने भरपाई द्यावी.

सगळ्यांची आधार कार्डं आधीच गोळा केली म्हणून यातलं काहीच सुधारत नाही. रजिस्टर चुकीचं वाचणारा चुकीच्याच घरी जाणार. फरक एवढाच, की आता त्याच्या हातात तुमचा फोटोही असेल.