विक्रमी महामार्ग आणि पहिला कोस

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. विक्रमांचे आम्हांस वावडे नाही. मात्र सोयाबीनच्या हंगामात राजापेठेतून जाणाऱ्या एखाद्या भरल्या ट्रॉलीच्या चाकांकडे वाचकांनी जरूर पाहावे. त्यांना चिकटलेला काळा चिखल महामार्गाचा नसतो, तो पांदणीचा असतो. रस्त्यांविषयीचे आमचे म्हणणे त्या चिखलापासून सुरू होते.

वऱ्हाडाच्या मालाला लांबची वाट कधी अडली नाही. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने लाखभर बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केल्याचे ब्रिटिश गॅझेटियर सांगते. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली आणि बडनेऱ्याहून मुंबई जवळ आली. पुढे डांबरी सडका झाल्या, चौपदरी मार्ग झाले. ज्याला माल हवा होता, त्याने लांबचा रस्ता दर वेळी बांधून घेतला. शेतापासून सडकेपर्यंतचा पहिला कोस मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता. तो ज्याचा त्याने बंडी जुंपून पार करायचा होता.

या कोसाचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर ती इतकी खोल आणि चिवट, की पावसाळ्यात पायातली वहाणही सोडवत नाही. पांदण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमध्ये दबलेली असते, म्हणून शेतांचे पाणी तिच्यातच उतरते आणि चार महिने ती रस्ता नसून नाला असते. तिच्यातून ट्रॉली ओढणे म्हणजे वजनाचा खेळ होय. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि त्याच दाबाने चाकांना पकड मिळते. माल मागच्या बाजूला जास्त भरला, तर हूक वर उचलला जातो, पकड सुटते, चाके जागीच फिरू लागतात आणि प्रत्येक फेऱ्यागणिक स्वतःचा खड्डा खोल करतात. मग दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि पुष्कळदा तोही रुततो.

बंडीच्या काळी हे का निभावले? एक तर बंडी अरुंद आणि हलकी होती. दुसरे कारण पिकांचे आहे. कापसाची वेचणी दसऱ्यानंतर सुरू होऊन लांबत जाते आणि बहुतेक माल कोरड्या जमिनीवरून निघतो. गेल्या काही दशकांत सोयाबीनने वऱ्हाडाचे पुष्कळ वावर व्यापले. ते ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस डोक्यावर असतानाच कापावे लागते. मळणीयंत्र आत न्यायचे आणि पोती बाहेर काढायची, तीही पांदण ओली असतानाच. पीक बदलले, ओढणारे बदलले, वाट तीच राहिली. गंजीतच कोंब फुटलेल्या सोयाबीनला बाजारात काय भाव मिळतो, हे वाचकांस सांगणे न लगे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात हॉल्स क्रीकपासून विलुनापर्यंत सुमारे १८५० किलोमीटरची एक वाट वाळवंटातून जाते. गुरे हाकत नेण्यासाठी अल्फ्रेड कॅनिंग याने १९०६-०७ मध्ये तिची पाहणी केली. आज हौशी प्रवासी तेथे मोटारी घेऊन जातात, आणि मागे ट्रेलर जोडून येऊ नका, असे त्यांना बजावले जाते. वाळूच्या टेकड्यांवर मागचे ओझे मोटारीला अडकवते आणि इतरांची वाटही बिघडवते, म्हणून हा सल्ला. तो शहाणपणाचा आहे, कारण तेथे ओझे घरी ठेवून निघता येते. आमच्या शेतकऱ्याला ओझे घरी ठेवता येत नाही. त्याचे वर्षच त्या ओझ्यात असते. तिकडे जे साहस म्हणून मिरवले जाते, ते येथे दर हंगामी मुकाट्याने केले जाते.

कायद्यात उणीव आहे असे नाही. वाटेतला अडथळा दूर करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम १४३ नुसार तहसीलदार धुऱ्यावरून रस्ता देऊ शकतो. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद योजना आली. २०२५ च्या शासननिर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर व्हावी, असे ठरवले. कागद भक्कम आहेत. पण दर नांगरटीला एकेक तास पुढे सरकवून धुरा कोरणारा हातही गावातलाच असतो, हे नाकारून चालणार नाही. शेजाऱ्याने वाट कोरली म्हणून ओरडणारे आपण, आपल्या बाजूचा धुरा कोठे होता हे सोयीने विसरतो.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. गावकऱ्यांनी आपल्या धुऱ्याचे माप आधी स्वतः घ्यावे. शासनाने पांदणीवर नुसता मुरूम न टाकता दोन्ही बाजूंना पाण्यासाठी चर काढावेत, कारण काळ्या मातीत पाणी निघाल्यावाचून रस्ता टिकत नाही. महामार्गाची प्रगती तासांत मोजली, त्याबद्दल अभिनंदन. पांदणीचे माप निराळे आहे. ऑक्टोबरच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी भरली ट्रॉली एकाच ट्रॅक्टरने सडकेला लागते की नाही, एवढेच पाहावे. या विक्रमाची नोंद कोणत्याही बुकात होणार नाही. ती बाजार समितीच्या काट्यावर, दाण्याच्या भावात होईल.