छोटूची सू आणि वाघोबा

मुलांनो, परवा वर्गात एकीनं हात वर केला. "बाई, तुम्ही सुट्टीत ताडोबाला गेला होतात ना? वाघ दिसला?"

"नाही दिसला."

सगळा वर्ग एकदम "हॅत्!" म्हणाला. तेव्हाच ठरवलं, ही गोष्ट तुम्हालाही सांगायची.

आपल्या महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, पण मराठवाड्यात एकही नाही. त्यामुळं आम्हा नांदेडकरांना पैनगंगा ओलांडून थेट चंद्रपूर जिल्हा गाठावा लागतो. ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. तारू हा तिथल्या गोंड लोकांचा देव, त्यावरून हे नाव पडलं. तारू वाघाशी झुंजताना कामी आला असं सांगतात. त्याचं ठाणं तिथल्या तळ्याच्या काठी आहे.

माझी मोठी मुलगी सहावीत. ती दिवाळीपासून दिवस मोजत होती. धाकटा छोटू साडेचार वर्षांचा. त्याला मी महिनाभर सांगत होते, "आपण वाघ बघायला जायचं हं!" चुकलंच माझं. जंगल बघायला जायचं, असं म्हणायला हवं होतं.

पहाटे मोहर्लीच्या फाटकातून जिप्सी आत शिरली. गाईडदादांनी आधीच बजावलं होतं, "ओरडायचं नाही, आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही." दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू. मधूनच पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळाचं झाड, अंधारात भुतासारखं उभं. छोटू माझ्या पदरात शिरला.

थोडं उजाडलं आणि एक वानर झाडावरून खॅक खॅक करून खाकरलं. खाली चितळांनी माना वर केल्या, शेपट्या ताठ. एक चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडलं. दादांनी लगेच गाडी बंद करायला लावली. बरं का, चितळाचं नाक तिखट आणि झाडावरच्या वानराला लांबचं दिसतं. म्हणून दोघं जवळजवळ राहतात आणि एकमेकांच्या हाकेवर सावध होतात. वाघ नाहीतर बिबट्या जवळपास असणार!

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताईनं श्वास रोखून धरलेला. आणि माझ्या कानात हळूच आवाज आला, "आई, सू."

आता काय करायचं? "थोडा वेळ थांब रे राजा," म्हणाले. तो थांबला. खरंच थांबला बिचारा, ओठ घट्ट मिटून. मग डोळ्यांत पाणी आलं. उतरायची सोय फक्त पुढं, तळ्याजवळच्या ठरलेल्या जागी. वानर अजून खाकरतच होतं. मी ताईकडं बघितलं. ती मान हलवून "नको" म्हणत होती. मी दादांना म्हटलं, "दादा, चला."

ताई वाटेत एक शब्द बोलली नाही. तळ्यावर पोचलो, छोटूचं काम झालं, आणि पाठोपाठ दुसरी गाडी आली. त्यांना वाघ दिसला होता. त्याच वळणावर!

"याच्यामुळं!" ताई एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. छोटूही रडायला लागला. मी कुणाची समजूत घालणार? मलाही वाघ बघायचा होता की! तळ्याच्या काठावर एक मगर तोंड उघडून ऊन खात पडली होती. छोटू रडायचा थांबून तिच्याकडं बघत राहिला. ताईनं मात्र तिकडं बघितलंही नाही.

(पालकांनो, लहान लेकरू बरोबर असेल तर पहाटे दूध-पाणी बेतानंच द्या. आणि मंगळवारी ताडोबा बंद असतं, हे आधी लक्षात घ्या.)

परतताना पांढरकवड्याजवळ आलो, तेव्हा मी ताईला एका वाघाची गोष्ट सांगितली. इथल्याच टिपेश्वर अभयारण्यातला तो तरुण वाघ. २०१९ च्या सुरुवातीला त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला होता, म्हणून तो कुठं जातो ते कळायचं. जूनमध्ये तो स्वतःची जागा शोधायला निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीच चालायचा. तेलंगणात गेला, परत आला, आणि डिसेंबरात थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२० च्या एप्रिलमध्ये पट्टा काढला, तोवर त्याची चाल सुमारे ३००० किलोमीटर झाली होती. त्याचं नावच 'वॉकर' पडलं.

"आणि नांदेड जिल्ह्यातूनसुद्धा गेला तो," मी म्हटलं.

"आपल्या?" सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. "कुणाला दिसला?"

"तो गेला हे पुष्कळांना कळलंसुद्धा नाही."

ती खिडकीला नाक लावून बसली. पैनगंगेचा पूल गेला, अंधार पडला. बाहेर नुसती काळी शेतं. तरी ती बघतच होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बाबा, गाडी थांबवा. छोटूला सू आलीय."

आम्ही थांबलो. छोटूनं दार उघडलं, अंधाराकडं बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, इथं उतरलेलं चालतं का गं?"

"चालतं," ती म्हणाली, "चल, मी येते बरोबर."