भाकरीची लाज कशाला?

भगिनींनो, आमच्या जठारपेठेत सकाळी डबा भरताना घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "आई, भाकर नको, पोरं हसतात." मग आपण घाईत बिस्किटांचा पुडा देतो.

ज्या ज्वारीवर आपल्या आजी-आज्यांनी उन्हातान्हात राबून संसार केले, तिला गरिबाचे अन्न म्हणून हिणवले गेले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष याच भरडधान्यांचे म्हणून जगभर पाळले! मैद्यात कोंडा उरत नाही. भाकरीत तो असतो, म्हणून पोट साफ राहते आणि भूकही लवकर लागत नाही.

डाळ घेताना चकाकी पाहू नका. अकोल्यात डाळमिलला तोटा नाही. दुकानदाराकडे बिनपॉलिशची तूरडाळ मागा. स्वस्त पामतेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून येते. त्यातली जवळपास निम्मी चरबी हृदयाला बरी नसते. शेंगदाण्याचे तेल परवडत नसेल, तर फोडणीतले तेलच कमी करा. भाजलेल्या जवसाची चटणी मात्र रोज ताटात असू द्या. मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते.

राहिली मुलांची लाज. ती त्यांना कोणी शिकवली? पाहुणे आले की आपणच भाकरीची टोपली झाकून पोळ्या लाटायला बसतो. येत्या रविवारी पाहुण्यांच्या ताटातही भाकरच वाढू या. मुले बघत असतात.