बोटीवरून उतरवलं म्हणजे प्रश्न मिटला का?



मासळीचा दर आणि डिझेल यावर आपण रोज बोलतो. आज अशा विषयावर बोलायचं आहे, ज्यावर जेटीवर कुजबुज चालते पण सभेत सगळे गप्प बसतात. विषय दारूचा नाही. गर्द, अंगदुखीवर चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ट्रामाडोलच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ही सगळी अफूच्या जातीची नशा.

मागच्या हंगामात आपल्या एका बोटीवर एक पोरगा दुसऱ्याच दिवशी आडवा झाला. नाक-डोळे वाहतायत, अंग मोडून आलंय, उलट्या, जुलाब, झोप नाही. सगळे म्हणाले, बोट लागली. तीन वर्षं दर्यावर असलेल्या पोराला अचानक बोट लागते का? नशा तुटली होती त्याची. बंदरात आल्यावर हिशेब करून त्याला उतरवलं. बोटीचं नाव खराब होईल म्हणून आम्हीही गप्प राहिलो. आज तो कुठे आहे, आम्हाला ठाऊक नाही. ती चूक आमची, आणि म्हणूनच हे लिहितोय.

खरा धोका पुढे असतो. काही दिवस नशा सुटली की शरीराची ती सोसायची ताकद कमी होते. मग फेरीवरून, गावाहून किंवा उपचारातून परतलेला माणूस जुनाच डोस घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. १ जून ते ३१ जुलैची बंदी संपून खलाशी परततात, तेव्हा म्हणूनच जास्त लक्ष हवं.

पुण्यात गर्दने पोरं खाल्ली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी मदत केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. सुनंदा अवचटांनी ते घरासारखं चालवलं. बरे झालेले पेशंटच तिथे कार्यकर्ते झाले, बायकांचा वेगळा गट झाला, घरी गेल्यावरही भेटीगाठी चालू राहिल्या. माणूस सुटतो तो माणसांच्या आधाराने, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे तर अख्खी वस्ती आहे.

मालक म्हणतील, आम्ही काय दवाखाना उघडलाय? बरोबर आहे. नशेतला माणूस सुकाणूवर किंवा विंचवर नकोच, बाकीच्यांचे जीव आहेत. पण बोटीवरून उतरवा, वस्तीतून नको. जाळी विणायला, बर्फ भरायला, जेटीवर हात लागतातच. उपचार घेऊन आला की बोटीवर जागा मिळेल, हा शब्द द्या. त्या शब्दावर माणूस टिकतो.

हंगामाआधीच्या सभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत:

१. प्रत्येक बोटीवरच्या दोघांना प्रथमोपचाराचं शिक्षण. हलवूनही जाग येत नाही, श्वास मंद किंवा घरघर, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या दिसल्या तर थांबू नका. किनाऱ्यावर १०८, दर्यात तटरक्षक दलाचा १५५४ किंवा व्हीएचएफ चॅनल १६. श्वास थांबत असेल तर तोंडाने श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. लिंबूपाणी पाजू नका, एकटं सोडू नका. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.

२. नॅलोक्सोन हे इंजेक्शन या नशेचा असर उतरवतं. ते जवळच्या सरकारी दवाखान्यात कायम असावं, असं संस्थेचं निवेदन.

३. उपचाराला जाणाऱ्याच्या घरी संस्थेतर्फे किराणा, आणि सोबत जायला एक माणूस.

पोलिसांच्या भीतीने लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे. सरकारचा मोफत मदत क्रमांक १४४४६.

दर्यात माणूस पडला तर आपण कोणाचा, कुठला विचारत नाही, बोट वळवतो. जेटीवर पडलेल्यासाठीही वळवूया.

आई एकवीरा सर्वांचं रक्षण करो.

– सचिव, संस्थेच्या वतीने